अग्निशामक फोममुळे आजारी पडलेल्यांना अमेरिकेत खरंच अब्जावधी डॉलर मिळाले का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा आतेभाऊ अमेरिकेत विमानतळाच्या अग्निशमन दलात वीस वर्षं होता, आता त्याला किडनीचा कर्करोग निघालाय, आणि ‘१२ अब्ज डॉलरची भरपाई, आजच फोन करा’ अशा वकिलांच्या जाहिराती त्याला सारख्या दिसतात. मी वकील नाही. इथे अमेरिकेतच पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि त्या फोममधल्या पीफास या रसायनांचे नमुने हाताळते, म्हणून हे खटले बारकाईने वाचत आले आहे.

आधी ते १२ अब्ज. ते आजारी माणसांचे नाहीत. जून २०२३ मध्ये थ्रीएम कंपनीने १०.३ ते १२.५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं ते सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांना, पाणी तपासायला आणि शुद्ध करायला. ड्यूपाँट, केमूर्स आणि कोर्टेव्हा यांचे मिळून १.१८५ अब्ज, पुढच्या वर्षी टायकोचे ७५ कोटी, बीएएसएफचे ३१.६५ कोटी, हेसुद्धा पाण्यासाठीच. पाणी स्वच्छ व्हायलाच हवं. पण वर्षानुवर्षं तो फोम अंगावर घेतलेल्या माणसाचा दावा वेगळा असतो आणि त्याची रांग फार हळू सरकते. जाहिरातीत हा फरक झाकून ठेवतात, आणि कर्करोगाच्या उपचारांत पिचलेल्या माणसाला असं फसवं आमिष दाखवणं मला संतापजनक वाटतं.

हा फोम १९६० च्या दशकात अमेरिकी नौदल आणि थ्रीएम यांनी मिळून तयार केला. पेट्रोलच्या आगीवर नुसतं पाणी मारलं तर ते खाली बसतं आणि पेट्रोल वर तरंगत जळत राहतं. या फोममधून मात्र पाण्याचा पातळ पापुद्रा पेट्रोलवर पसरतो आणि वाफ कोंडली जाते. ही करामत फ्लोरिनयुक्त रसायनांची, म्हणजेच पीफासची. १९६७ मध्ये फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावरच्या आगीत १३४ जण गेले. त्यानंतर हा फोम लष्करात रुळला आणि पुढे विमानतळांवरही तसाच फोम बाळगणं सक्तीचं झालं. विमानाला आग रोज लागत नाही, पण सराव आणि गाड्यांची चाचणी चुकत नाही. तेव्हा सोडलेला फोम तिथेच जमिनीत मुरायचा. पीएफओएस हे पीफासपैकीच एक; शरीरात गेलेलं पीएफओएस निम्मं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात.

पिण्याच्या पाण्यात पीएफओएस आणि त्याच गटातलं पीएफओए यांची मर्यादा अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये एक लाख कोटी भागांत चार भाग इतकी ठरवली. इतकं कमी प्रमाण मोजायचं म्हणून नमुना घ्यायला जाताना आम्ही वॉटरप्रूफ जॅकेट घालत नाही, नळाला टेफ्लॉन टेप चालत नाही, फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेले कपडेसुद्धा नकोत, कारण त्यांतूनही पीफास नमुन्यात येऊ शकतं. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली नेतो, विहिरीपाशीच ते पाणी दुसऱ्या बाटलीत ओततो आणि तेही तपासतो. त्यात पीफास निघालं, तर विहिरीच्या आकड्यावरही विश्वास ठेवता येत नाही.

इतकं बारीक मोजता येतं, तेव्हा रक्तात रसायन सापडणं हा खटल्यातला अवघड भाग नाहीच. कर्करोग त्यानेच झाला हे दाखवणं अवघड. कंपन्यांचे वकील म्हणणार, हे तर सगळ्यांच्याच रक्तात थोडंफार असतं. तुमचा भाऊ धुरात काम करायचा, सिगारेट ओढायचा का, रक्तदाब होता का? आणि धूर खरोखरच घातक आहे, अग्निशमनाचं कामच २०२२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं गेलं.

भावाच्या बाजूने काय आहे? वेस्ट व्हर्जिनियात ड्यूपाँटच्या कारखान्याने पाण्यात सोडलेल्या पीएफओएबद्दल रॉबर्ट बिलॉट या वकिलाने लढा दिला. त्यातून सुमारे ६९ हजार रहिवाशांची माहिती आणि रक्ततपासण्या गोळा झाल्या. २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी संभाव्य संबंध जोडला, त्यात किडनीचा कर्करोग आहे. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओए हे माणसात कर्करोग करणारं रसायन म्हणून पहिल्या गटात घातलं.

‘आम्ही सरकारने सांगितलं तसाच माल बनवला’ हा थ्रीएमचा बचावही हे दावे ऐकणारे न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांनी २०२२ मध्ये खटल्याआधीच मान्य करायला नकार दिला. कंपनीला या रसायनांबद्दल जे ठाऊक होतं ते तिने सरकारला वेळेवर सांगितलं का, हाच तर वादाचा मुद्दा आहे.

हे सगळे दावे २०१८ पासून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या न्यायालयात एकत्र आहेत. एकत्र म्हणजे सुनावणीपूर्वीच्या कामापुरते; प्रत्येकाचा दावा स्वतंत्रच राहतो. किडनीच्या कर्करोगाचा पहिला खटला ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्युरीपुढे यायचा होता, पण त्याआधीच तडजोड झाली. त्यामुळे ज्युरीला हे पुरावे कसे वाटले असते ते कळलंच नाही. माझ्या मते कंपन्यांना तेच नको होतं.

स्वीडनने वेगळी वाट धरली. रोनेबीत हवाई तळावरचा फोम पिण्याच्या पाण्यात उतरला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रक्तात पीफास इतकं वाढणं हीच शारीरिक इजा आहे, आजार व्हायची वाट बघायला नको. अमेरिकेत असं झालं तर अग्निशमन दलातल्या कितीतरी निरोगी माणसांनाही दाद मागता येईल. पण तुमच्या भावाला त्यासाठी थांबायला वेळ नाही.

त्याने दावा करावा का? माझं मत, हो, निदान वकिलाला भेटून तरी यावं. मुदतीचा नियम राज्याराज्यांत वेगळा आहे, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन वर्षांचा, आणि ती कुठून मोजायची यावरच भांडण होतं. म्हणून निदानाची तारीख लिहिलेला कागद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आधी हाताशी ठेवावा. विमानतळाकडे सरावाच्या आणि फोम खरेदीच्या नोंदी लेखी अर्ज करून मागाव्यात, कारण जुन्या फायली काढून टाकतात. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांना कोणत्या कंपनीचा फोम होता, किती वेळा सोडायचे, हे आठवत असेल. ते आत्ताच लिहून घ्यावं. वकील बहुधा आधी पैसे घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतून एक तृतीयांश ते चाळीस टक्के घेतात. आणि जाहिरातीतल्या नंबरवर फोन केलाच, तर पहिला प्रश्न हा विचारावा: माझा दावा तुम्ही स्वतः चालवणार, की दुसऱ्या फर्मला देणार?