जांभ्याची भिंत, मंगळुरी कौले आणि गवंड्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

जुन्या घरांच्या डागडुजीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पाचही घरे कोकणातली आहेत. इथली मापे आणि प्रमाणे जांभ्याच्या, कौलारू घरांना धरून दिली आहेत. देशावरच्या धाब्याच्या घरांना ती जशीच्या तशी लावू नयेत.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे मातीत बांधलेले जांभ्याचे घर आहे, वय साधारण ७० वर्षे. सहा वर्षांपूर्वी बाहेरून पूर्ण आणि आतून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. आता आतला गिलावा फुगतो, ठोकला की पोकळ वाजतो आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी येते. वॉटरप्रूफिंग केमिकल घालून पुन्हा गिलावा करू, असे गवंडी म्हणतो. करावा का?

उत्तर : नको. पहिला गिलावा ज्या कारणाने सुटला त्याच कारणाने दुसराही सुटेल, आणि केमिकलचे पैसे वर जातील.

जांभा सच्छिद्र असतो. पायथ्याशी पाणी असले की चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, ते दिव्याच्या वातीसारखे वर ओढतो. इतकी वर्षे हे पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांनी हवेत उडून जात होते. सिमेंटच्या थराने ती वाट बंद केली. आता ते गिलाव्यामागे कोंडते, वर चढते आणि गिलावा संपतो तिथे बाहेर पडते. येताना विरघळलेले क्षार आणते, ते तिथे वाळतात. तुम्हाला दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा. क्षारांचे खडे वाळताना वाढतात आणि गिलावा मागून ढकलतात. त्यात सिमेंट जास्त घातले तर तो आणखी घट्ट होतो, म्हणजे दुखणे वाढतेच.

आधी घराभोवती एक फेरी मारा. खळ्याला, म्हणजे अंगणाला, काँक्रीट केले असेल तर त्याचा उतार घराकडे तर नाही ना, ते पाहा. वर्षानुवर्षे माती चढून जोते बुजते, हे फार घरांत आढळते. घरातल्या जमिनीपेक्षा बाहेरची माती किमान ६ ते ८ इंच खाली हवी. पागोळ्यांचे पाणी नेमके कुठे पडते आणि उसळून भिंतीवर किती उंच येते, हे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बघा. अर्धे निदान तिथेच होते. वळचणीला पन्हळ लावा, ती नसेल तर पागोळ्यांच्या रेषेत दीड फूट रुंदीचा खडीचा चर काढा आणि त्याचा उतार घरापासून दूर न्या.

मग आतला गिलावा काढा, तो छिन्नी-हातोडीने. ब्रेकर लावू देऊ नका. मातीतली भिंत हादऱ्याने सैल होते. ओलीच्या खुणेच्या वर एक फूटपर्यंत काढा. बाहेरचा जो गिलावा घट्ट धरून आहे तो मात्र ओरबाडू नका, चिऱ्याचा दर्शनी भाग त्याच्याबरोबर सुटून येतो. फक्त पोकळ वाजणारा काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत जातात. शक्य असेल तर एक पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा भिंत तशीच उघडी ठेवा. गणपतीला पाहुणे येतील म्हणून घाई होते, ते समजते. पण ओल्या भिंतीवर केलेले काम टिकत नाही.

नंतर दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, अर्धा ते पाऊण इंच खोल खरवडून चुन्याने भरा आणि चुन्याचाच गिलावा करा. १ भाग चुना, ३ भाग वाळू. ओल जास्त असलेल्या पट्ट्यात १ चुना, १ विटांची सुरखी (बारीक पूड), २ वाळू. कळीचा चुना मिळाला तर खड्ड्यात विरवून किमान दोन आठवडे भिजत ठेवा. पोत्यातली चुन्याची पूड घेतली तर ताजी घ्या आणि एक दिवस आधी भिजवा. जुन्या पोत्यातला चुना हवेने मेलेला असतो, धरत नाही. खाडीची वाळू स्वस्त पडते म्हणून गवंडी ती सुचवेल. तिच्यात मीठ असते, म्हणजे लोणा तुम्हीच विकत घेऊन भिंतीत घालता. धुतलेली नदीची वाळू किंवा चांगली क्रश सँड वापरा.

भिंत आधी पाणी मारून भिजवा. दोन थर द्या, प्रत्येक अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. पहिल्यावर ओरखडे काढून ठेवा आणि दुसरा आठवड्याने द्या. नंतर निदान सात दिवस ओले गोणपाट लावून सावलीत ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. एप्रिलच्या उन्हात चुना वाळतो, पण पिकत नाही, आणि तळहाताने चोळला की पीठ होतो. वरून चुन्याचा पातळ रंग तीन हात. पुट्टी, ऑइल पेंट, प्लॅस्टिक पेंट यांतले काहीही नको. चुना हाताळणाऱ्याला चष्मा आणि हातमोजे द्या, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

चुना ओल थांबवत नाही, तिला बाहेर पडू देतो. त्यामुळे काही वर्षांनी खालचा पट्टा पुन्हा झडेल. तेवढाच काढून नवा करायचा. झीज गिलाव्याची झाली तर परवडते, चिऱ्याची झाली तर नाही.

प्रश्न : माजघरातली शेणाची जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल बसवल्या. दोन पावसाळ्यांत भिंतींचा खालचा एक फूट काळा पडला. टाइलचा दोष आहे का?

उत्तर : टाइल चांगली असेल, जागा चुकली. जमिनीतून उडून जाणारी ओल टाइलखाली अडली आणि कडेने भिंतीत शिरली. आहे ती फरशी उखडायची नसेल तर भिंतीकडेची ६ ते ९ इंचांची पट्टी काढून तिथे खडी भरा आणि वर सांधे चुन्याने भरलेली शहाबादी बसवा. काम फार सुबक दिसत नाही, पण ओलीला वाट मिळते. पहिल्या उत्तरातली बाहेरची कामे इथेही आधी करावी लागतील.

प्रश्न : गुहागरजवळच्या घराचे छप्पर दरवर्षी गळते. पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळून ११०० चौरस फूट आहेत. सुतार म्हणतो, सगळे लाकूड काढून लोखंडी पाइपवर पत्रा टाका. कौले ठेवावीत की नाही?

उत्तर : सगळे लाकूड सडलेले क्वचितच असते. आधी ते तपासून घ्या. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक वाशाची तीन ठिकाणे टोचा : भिंतीवर टेकतो तिथे, वळचणीचे टोक आणि आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या माथ्याजवळ. अर्ध्या इंचापेक्षा आत गेला तर खडूने फुली करा. फुल्या बहुधा भिंतीत घुसलेल्या टोकांवर येतात, कारण लाकूड टोकाकडूनच पाणी पिते. मधला वासा खणखणीत असेल तर सडलेले टोक कापा आणि बाजूला त्याच जाडीचे लाकूड किमान अडीच-तीन फूट पाठीला पाठ लावून बोल्टने जोडा. नव्या टोकाभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा ठेवा, सिमेंटने लिंपू नका. रिपा, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या, मात्र सरसकट नव्या घ्या, दोन बाय एक इंचाच्या; जुन्या वाचवण्यात मजुरी जास्त जाते. घरच्या जमिनीतला साग, ऐन किंवा फणस तोडून लाकूड काढणार असाल तर आधी परवानगी घ्या. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाखाली ही झाडे येतात.

कौलांचा हिशेब असा. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, १४० ते १५० मंगळुरी कौले लागतात. तुमच्या ११ ब्रासला साधारण १६०० आणि वर दहा टक्के फुटीची. कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, आढ्याच्या दर फुटाला एक धरा. जुनी कौले उतरवताना एकेक हातात घेऊन बोटाने टिचकी मारा. शाबूत कौल घंटीसारखे वाजते, चिरलेले भद्द वाजते, चीर डोळ्यांना दिसत नसली तरी. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, ते बघून ढीग वेगळे करा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कारखाना काढल्यापासून कितीतरी कारखान्यांनी तोच घाट उचलला, पण खाचा तंतोतंत जुळत नाहीत. एका पाख्यावर दोन कारखान्यांची कौले मिसळली की तिथे गळणार. गळतीचे अर्धे कारण हेच असते आणि सुतार बोलत नाही. जुनी चांगली कौले पुढच्या पाख्याला, नवी मागीलदारी.

रिपांतले अंतर साडेबारा इंच असे तोंडी सांगितले जाते. त्यावर विसंबू नका. अकरा कौले जमिनीवर वरून खाली अडकवून मांडा, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून पहिल्या कौलाच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत लांबी मोजा, आणि दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. ते तुमचे अंतर. जास्त ठेवले तर वाऱ्याबरोबर पाणी आत येते, कमी ठेवले तर कौल उचलून बसते.

पत्र्याचा मोह ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर वाढला, पण वाऱ्यात पत्रेही उडतात. वारा कडा आणि आढ्याजवळचा भाग आधी उचलतो. म्हणून वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्यालगतची ओळ तारेने रिपेला बांधा. बऱ्याच कौलांच्या पाठीला त्यासाठी भोक असते. समुद्र जवळ असल्याने तार तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. साधी तार दोन-तीन पावसाळ्यांत गंजते.

प्रश्न : खांबांना वाळवी लागली आहे. विहीर भिंतीपासून १५ फुटांवर आहे. फवारणीवाला जमिनीत भोके पाडून औषध सोडतो म्हणतो.

उत्तर : आधी ती वाळवीच आहे ना, बघा. मातीच्या बोगद्यांच्या रेषा भिंतीवरून वर जात असतील तर वाळवी. खांबाला बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुगा असेल तर तो लाकडातच राहणारा किडा; त्याला जमिनीत औषध सोडून काही उपयोग नाही, लाकडालाच बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण पाजावे लागते.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन मिळते तिथे फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध सोडतात. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर १ लिटरला १९ लिटर पाणी. पण १५ फुटांवर विहीर असताना तिच्या बाजूच्या भिंतीला हे करू देऊ नका. जांभ्यात भेगा असतात, औषध कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. त्या बाजूला बोगदे खरवडा, आमिषाचे डबे बसवा आणि खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उचलून घ्या.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो, घर खेड तालुक्यात. काम उक्ते द्यावे की रोजावर? गावात नसताना फसवणूक कशी टाळावी?

उत्तर : दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांना. जे मोजता येते ते उक्ते, म्हणजे मापावर ठरलेल्या दराने : गिलावा आणि फरशी चौरस फुटावर, चिऱ्याचे बांधकाम ब्रासवर. जे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणजे सडके वासे, भिंतीतला पोकळपणा, ते रोजावर. सुताराला तेही उक्ते दिले तर तो एक तर दुप्पट सांगेल किंवा सडके टोक रंगाखाली झाकेल.

कागदावर लिहून घ्यायच्या बारीक गोष्टी भांडणे टाळतात. दारे-खिडक्यांची जागा मापातून वजा करणार का. परांची कोणाची. राडारोडा कुठे टाकणार. एप्रिलमध्ये विहीर आटली तर गिलाव्यावर मारायचे पाणी कोण आणणार. आणि सर्वात विसरली जाणारी गोष्ट : उतरवलेले जुने लाकूड, कौले, कड्या-कोयंडे मालकाचे. जुना साग भंगार नसतो.

पैसे टप्प्याने द्या. आगाऊ १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. माप टेप लावलेल्या फोटोसह मागा आणि शेवटचे १० टक्के जुलै अखेरपर्यंत अडकवून ठेवा, छप्पर गळते की नाही ते तेव्हाच कळते. हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितले तर गवंडी तो अपमान समजेल, आणि ते योग्यच.

क्रम : छप्पर, मग विजेचे पाइप आणि नळ, मग गिलावा, मग फरशी, शेवटी रंग. इलेक्ट्रिशियन उशिरा आला तर नव्या गिलाव्यात चर पडतात. जुन्या लाकडी पट्ट्यांतली वायरिंग ठेवू नका. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तार, आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारे बटण. कातळावरच्या घरात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते. खड्ड्याला पाणी घालायचा पाइप ठेवून घ्या आणि अर्थिंगचे माप पावसात नाही, मे महिन्यात घ्यायला सांगा.

खेडला काम धरताना दिवाळीनंतर सुरुवात करा, आणि शिमग्याचे आठ-दहा दिवस हिशेबातून आधीच वगळा. त्या दिवसांत गवंडी पालखीबरोबर असतो.