लॅबचा रिपोर्ट खरा की वडिलांचा अंदाज?

माती तपासणीचा रिपोर्ट म्हणतो जमीन ठीक, वडील म्हणतात खालचा पट्टा चोपण, म्हणजे चिकट-कडक, पाणी न मुरणारा. कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. आधी सांगा, नमुना कुठून घेतला? बांधाकडची, उकिरड्याजवळची आणि खालच्या पट्ट्यातली माती एकत्र कालवली असेल, तर तो रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नाही.

वडिलांना घेऊन शेतात फिरा. पाणी कुठं तुंबतं, वाफसा (पेरणीजोगी ओल) कुठं उशिरा येतो, सोयाबीन कुठं पिवळं पडतं, हे ते डोळे मिटून सांगतील. त्यांनी दाखवलेला प्रत्येक पट्टा वेगळा धरा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा करा, कडेची माती खरवडा, मिसळून अर्धा किलो द्या.

चोपण म्हणजे सोडियम जास्त. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत सामू (पीएच) आहे, सोडियम नाही. विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची तपासणी मुद्दाम मागावी लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा.

पिवळेपणाचं कारण बहुतेक निराळं. आपल्याकडं चुनखडीमुळं जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. ढेकळावर लिंबू पिळून बघा, फसफसलं की चुना आहेच. चोपण सुधारायला लागणारी जिप्समची पोती मात्र सोडियमचा रिपोर्ट आल्यावरच आणा.