डिफ कुठून सुरू केलेत ते आधी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडोदऱ्यात शाळेच्या बसगाड्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅपची (लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाची) प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलीय, रोज रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) डिफ, म्हणजे फक्त झालेल्या बदलांच्या फाइली, लावतो, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि तरी दोन रस्ते वळण सोडून सरळ शेतातून गेलेले दिसतात. मूळ साइटवर तेच रस्ते व्यवस्थित आहेत. खाली तिघांनी टाइलचा (नकाशाच्या तयार चित्रतुकड्यांचा) कॅशे, म्हणजे साठा, साफ करायला सांगितलंय. करून बघा, पण माझ्या मते कारण ते नाही. जुनी टाइल जुना रस्ता दाखवेल, जो रस्ता कधी नव्हताच तो कुठून दाखवेल?

हे दुखणं मी तीन महिने काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंपोर्ट, पोस्टग्रेस वगैरे तुम्हाला येतंच आहे असं धरून चालतो.

मी इंदूरचा. दवा बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्याच्या डिलिव्हरीच्या गाड्यांसाठी नकाशाचं काम बघायचो. इंदूर, देवास, उज्जैन, धार, महू एवढाच टापू. जिओफॅब्रिकवरून (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा प्रदेशवार देणारी साइट) भारताच्या मध्य विभागाचा तुकडा उतरवला, ओएसएम२पीजीएसक्यूएलने (हा डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्राम) इंपोर्ट केला. पण रोजच्या डिफवर समाधान मानायचं नव्हतं, मला दर तासाला ताजा नकाशा हवा होता. म्हणून प्लॅनेटच्या (पूर्ण जगाचा डेटा ठेवणाऱ्या) सर्व्हरवरच्या तासाच्या डिफ घ्यायचं ठरवलं. त्यासाठी तेव्हा सुरुवातीची स्टेट फाइल (डिफचा क्रमांक आणि वेळ सांगणारी) हाताने शोधली. तिथे नऊ आकडी अनुक्रमांक तीन-तीन आकड्यांच्या फोल्डरांत विभागलेले असतात. फोल्डर उघडायचा, फाइल बघायची, तारीख जुळवायची, पुढच्या फोल्डरात जायचं.

चूक झाली ती इथे. पीबीएफच्या (उतरवलेल्या डेटा फाइलच्या) हेडरमध्ये डेटा कधीपर्यंतचा आहे ते लिहिलेलं होतं: २०:२१, शेवटी झेड. झेड म्हणजे यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ, हे मला माहीत होतं. मी कागदावर साडेपाच तास मिळवले आणि आपली वेळ काढली, दुसऱ्या दिवशी पहाटेचे १:५१. मग फोल्डर चाळताना नजरेसमोर तो कागदच. १:५१ च्या लगेच आधीची म्हणून १:०० ची स्टेट फाइल उचलली. तिच्याही शेवटी झेड होता! म्हणजे ती आपल्याकडची सकाळी साडेसहाची होती. डेटा २०:२१ पर्यंतचा आणि डिफ सुरू १:०० पासून. मधले चार तास एकोणचाळीस मिनिटं माझ्या डेटाबेसमध्ये कधी आलीच नाहीत.

आणि याची कुठे ओरड होत नाही. डिफ लावणारं प्रोग्राम पुढचा क्रमांक मागतं, तो मिळतो, लावला जातो, लॉगमध्ये सगळं आलबेल. मधे खड्डा आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

त्या पहाटे कुणीतरी सिरपूर तलावाजवळच्या एका रस्त्याला काठाकाठाने नीट वळण दिलं होतं, नवे दहा-बारा नोड (रेघेचे बिंदू) टाकून. ते नोड माझ्या खड्ड्यात गेले. दीड महिन्याने दुसऱ्या एका मॅपरने त्याच रस्त्यावर फक्त 'डांबरी' अशी नोंद केली. डिफमध्ये काय येतं हे लक्षात घ्या: जे बदललं तेवढंच. रस्त्याची नवी आवृत्ती आली, तिच्यात नोडची यादी आली, पण नोड स्वतः बदललेले नव्हते म्हणून ते आले नाहीत. माझ्या डेटाबेसमध्ये यादीतले मधले नोड सापडेनात. ओएसएम२पीजीएसक्यूएल अशा वेळी थांबत नाही, जे नोड सापडतील तेवढे जोडून रेघ ओढतं. रेघ गेली थेट पाण्यातून. आमच्या गाडीवाल्याचा फोन आला, "साहेब, मशीन तलावात उतर म्हणतंय."

मी काय केलं, तर त्या 'डांबरी' लिहिणाऱ्या मॅपरच्या चेंजसेटवर (त्यांच्या बदलांच्या नोंदीवर) कडक शब्दांत लिहिलं, की रस्ता बिघडवलात, बघून काम करत जा. त्यांनी शांतपणे मूळ साइटची लिंक पाठवली. तिथे रस्ता काठाने वळत होता. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की दोष आपल्या घरात आहे. मी त्यांची माफी मागितली. फुकट वेळ देऊन आपल्या गावाचे रस्ते नीट करणाऱ्या माणसावर आपण आपल्या चुकीचा राग काढला, हे मला आजही लागतं. तुम्हीही कुणाला काही लिहायच्या आधी साइटवर त्या रस्त्याचा इतिहास उघडून बघा.

मधल्या काळात ज्यांच्याकडे सर्व्हर भाड्याने होता त्यांना पाच तिकिटं टाकली. पाचही वेळा उत्तर एकच: रीस्टार्ट करा. सहाव्यांदा फोन केला तर रॅम वाढवायचा सल्ला मिळाला, आणि मी वाढवलीसुद्धा. महिन्याचं भाडं चढलं, रस्ता तलावातच राहिला. डेटाचा प्रश्न त्यांचा नव्हे हे मला मान्य आहे, पण मग "हे आमच्या हातात नाही" असं सरळ सांगायला काय हरकत होती?

आता तुमच्याकडे काय करायचं ते. ऑस्मियम या साधनाच्या फाइलइन्फोने मूळ पीबीएफचं हेडर बघा. त्यात रेप्लिकेशनची, म्हणजे डेटा कुठपर्यंतचा आहे ती, वेळ आणि क्रमांक असतो. तुमची पहिली डिफ कोणती लावली गेली ते जुन्या लॉगमधून काढा आणि दोन्ही वेळा यूटीसीमध्येच ताडून बघा. पहिली डिफ उशिरा सुरू झाली असेल तर रोग सापडला. डिफ आधीपासून सुरू केल्या तर काही बिघडत नाही, त्याच त्या पुन्हा लागतात आणि शेवटी सगळं जागेवर येतं. फट मात्र आपोआप कधीच भरत नाही. म्हणून हाताने सुरुवात करायचीच असेल तर मी नेहमी एक पूर्ण दिवस मागून करतो. प्लॅनेटच्या सर्व्हरवर जुन्या डिफ असतात, त्यामुळे मागे जाऊन पुन्हा लावणंही शक्य आहे. पण तुमच्याएवढ्या डेटाला मी सरळ नवा इंपोर्ट करीन. एक रात्र जाईल, शंका तर उरणार नाही.

नवा इंपोर्ट करताना स्लिम मोड (अपडेटला लागणारी मधली टेबलं डेटाबेसमध्ये ठेवणारा) ठेवा आणि ड्रॉपचा पर्याय अजिबात देऊ नका. त्याने नोडची मधली टेबलं पुसली जातात आणि पुढे एकही अपडेट लागत नाही. स्टेट फाइल हाताने शोधण्याची आता गरजच नाही. ओएसएम२पीजीएसक्यूएल-रेप्लिकेशन हे सोबतच मिळतं, त्याला इनिट करताना पीबीएफ दिली की हेडरमधून सुरुवात ते स्वतः काढतं. क्रॉनला एफलॉक (एका वेळी एकच काम चालू देणारं कुलूप) लावा, नाहीतर एक अपडेट लांबलं की दुसरं त्याच्यावर चढतं.

आणि माझं स्पष्ट मत: एका शहराच्या बसगाड्यांना दर मिनिटाच्या किंवा तासाच्या डिफ नकोतच. जिओफॅब्रिकच्या रोजच्या डिफ घ्या, त्या त्याच तुकड्यापुरत्या कापलेल्या असतात. प्लॅनेटच्या डिफ प्रादेशिक तुकड्यावर लावल्या तर ब्राझील-जपानचे बदलसुद्धा तुमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडतात, आणि मग हद्द ठरवून ते गाळत बसावं लागतं. पूर्ण जग चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी माझं ऐकू नये. माझा अनुभव माळव्यापुरताच आहे.

तुमच्या बसगाड्या छोटा उदेपूरच्या पुढे अलीराजपूरकडे जात असतील तर अजून एक. जिओफॅब्रिकवर गुजरात पश्चिम विभागात आहे आणि मध्य प्रदेश मध्य विभागात, म्हणजे हद्दीवर डेटा कापला जातो. दोन तुकडे जोडून ते दोन्हीकडून ताजे ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, पूर्ण भारताची फाइल घ्या.

मराठी नावं दाखवायची असतील तर नाव-एमआर (name:mr) हा टॅग पहिल्या इंपोर्टच्या वेळीच स्टाइलमध्ये (कोणते टॅग घ्यायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) घाला. तो रकाना मागून जोडलात तर डिफ फक्त बदललेल्या वस्तूंची नावं आणते, बाकी सगळं कोरं राहतं. नवा इंपोर्ट करणारच आहात तर हे आत्ताच उरकून घ्या.

टाइलचं राहिलं. अपडेट करताना कालबाह्य टाइलची यादी काढण्याचा पर्याय आहे, ती यादी रेंडर करणाऱ्याला द्या. आमच्याकडे आग्रा-मुंबई रस्त्यावरची बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, काढायला फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. असा बदल डेटाबेसमध्ये येऊनही पडद्यावर जुनीच मार्गिका दिसली, तर तिथे कॅशेवाल्या तिघांचं म्हणणं बरोबर ठरेल.

माझं निदान तुमच्या वर्णनावरून आहे, सर्व्हर मी पाहिलेला नाही. स्लिम मोड असून नोडची फाइल वेगळी ठेवली असेल आणि ती मधे कधी बदलली किंवा पुसली गेली असेल, तरी रस्ते असेच तुटतात. म्हणून हेडरमधली वेळ, लॉगमधली पहिली डिफ आणि त्या दोन रस्त्यांपैकी एकाचा क्रमांक इथे टाका. तुमच्या डेटाबेसमध्ये त्या रस्त्याच्या यादीतले कोणते नोड नाहीत आणि ते मूळ साइटवर कोणत्या दिवशी, किती वाजता तयार झाले, ते मी ताडून सांगतो.