दोन पुढे, तीन मागे : दोष झोनचा की मधल्या जागेचा?

प्रश्न : सोलापुरातील एका महाविद्यालयाचा मी माजी विद्यार्थी असून तेथील बास्केटबॉल संघाचे घरच्या मैदानावरील सामने सहसा चुकवत नाही. आमच्या काळी प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, एवढीच बचावाची शिकवण होती. आताचे प्रशिक्षक मात्र दोन खेळाडू पुढे आणि तीन मागे असा झोन लावतात. यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी दोन्ही कोपऱ्यांतून एकामागून एक थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) टाकले व आम्ही हरलो. झोन हा आळशी बचाव आहे, असे पायऱ्यांवर बसणाऱ्या आम्हा जुन्या मंडळींचे मत झाले आहे. प्रशिक्षकांना तसे सांगावे काय? — एक माजी विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : आपली तळमळ समजते, ‘आळशी’ हा शब्द मात्र मान्य करता येत नाही. झोनमध्ये माणसाऐवजी जागा राखायची असते, म्हणून पायऱ्यांवरून पाहणाऱ्याला खेळाडू उभेच आहेत असे वाटते. प्रत्यक्षात चेंडूच्या प्रत्येक पासबरोबर पाचही जणांना जागा बदलावी लागते. चेंडू कोपऱ्यात गेला की त्या बाजूचा मागचा खेळाडू धावत तेथे पोहोचतो, मधला खेळाडू त्याची रिकामी जागा भरण्यासाठी सरकतो, पलीकडचा रिंगखाली येतो आणि पुढच्या दोघांपैकी एक फ्री थ्रोच्या रेघेकडे (फाउलनंतरचे मोकळे फटके मारतात त्या, रिंगसमोरच्या रेघेकडे) मागे हटतो. यांतला एक जण अर्धे पाऊल उशिरा हलला तरी सारी रचना फाटते.

याच बचावासाठी प्रसिद्ध असलेले प्रशिक्षक म्हणजे अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे जिम बोहाइम. 1976 ते 2023 अशी 47 वर्षे ते त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि दोन-तीनचा झोन ही त्यांच्या संघाची ओळखच झाली. अमेरिकेतील विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या 2003 च्या अंतिम सामन्यात कॅन्सस विद्यापीठासमोर सिरॅक्यूज 81-78 असे पुढे असताना, अगदी शेवटच्या क्षणी कॅन्ससच्या मायकेल ली याने बाजूने बरोबरीचा थ्री पॉइंटर मारला. रिंगजवळच्या भागातून झेपावत आलेल्या हकीम वॉरिकने तो हवेतच अडवला आणि विजेतेपद सिरॅक्यूजकडे गेले. आपल्याला खुपणारा फटका तोच, बचावही तोच. फरक एवढाच की आतला माणूस वेळेवर बाहेर पोहोचला. (दृश्यफीत मिळाल्यास चेंडूकडे न बघता वॉरिकचे पाय पाहावेत.)

आता आपल्या संघाविषयी. कोपरा उघडा पडलेला सर्वांना दिसतो. तो का पडला, याचे उत्तर बहुधा त्याआधीच्या पासमध्ये असते. झोनचे मर्मस्थान फ्री थ्रोच्या रेघेजवळची मधली जागा हे आहे. तेथे चेंडू विनासायास पोहोचला की मागच्या तिघांना आत आकसावे लागते, चेंडू लगेच बाहेर फेकला जातो आणि कोपऱ्यातला खेळाडू निवांत नेम धरतो. त्यातून आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे थ्री पॉइंटरची रेघ समोरून 6.75 मीटरवर, तर कोपऱ्यात 6.60 मीटरवर असल्याने तेथून मारणे किंचित सोपेही जाते. तेव्हा कोपऱ्याकडे माणूस पळवण्याआधी, पुढचे दोघे मधला पास अडवतात की नुसते हात वर करून उभे राहतात, हे तपासायला हवे. 2013 मध्ये सिरॅक्यूजने मार्केट (Marquette) विद्यापीठासारख्या संघाला संपूर्ण सामन्यात 39 गुणांवर रोखले, त्या संघात पहिल्या फळीतला मायकेल कार्टर-विल्यम्स हा गार्डच साडेसहा फुटांचा होता. त्याच्या हातांवरून मध्ये पास टाकणे जिकिरीचे होते. आपल्याकडे एवढी उंची कोठून आणायची? ती उणीव पायांच्या चपळाईनेच भरावी लागते, आणि आपल्या प्रशिक्षकांना विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच आहे.

झोनमध्ये रिबाउंडची, म्हणजे हुकलेला चेंडू परत मिळवण्याची, बाजूही दुबळी असते, हे मान्य. माणूस ठरलेला नसल्याने चेंडू रिंगवर आदळल्यावर कोणी कोणाला पाठीने अडवायचे याचा गोंधळ उडतो, आणि चेंडू आक्रमकांनीच परत मिळवला की त्यांना फटका मारण्यासाठी नव्याने 14 सेकंद मिळतात.

आपला ‘माणूस धरा’ हा आग्रह अगदीच चुकीचा नाही. बोहाइम निवृत्त झाल्यावर त्यांचेच शिष्य एड्रियन ऑट्री यांनी सिरॅक्यूजला मुख्यतः मॅन-टू-मॅनकडे वळवले. पण ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या सिमेंटच्या मैदानावर चार क्वार्टर प्रत्येकाने आपला माणूस धरायचा, तर राखीव फळीत निदान तीन-चार भरवशाचे खेळाडू हवेत. शिवाय पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, हे धरून चालावे लागते. तसे खेळाडू नसतील तर झोन मूळ बचाव ठेवून, प्रतिस्पर्ध्यांचा एखादा नेमबाज तापला की दोन-तीन मिनिटे माणूस धरायचा आणि पुन्हा झोनवर यायचे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. समोरच्या संघाला 24 सेकंदांत आपला बचाव ओळखून, चाल ठरवून फटका मारायचा असतो, म्हणून असा बदल अनपेक्षित असला तर पुष्कळदा एक-दोन चाली वाया जातात.

प्रशिक्षकांशी अवश्य बोलावे, मात्र पायऱ्यांवरून ओरडून नव्हे आणि हरलेल्या संध्याकाळी तर नव्हेच. पुढच्या सामन्यात वहीत एवढेच टिपावे : कोपऱ्यातून पडलेल्या प्रत्येक थ्री पॉइंटरच्या आधी चेंडू फ्री थ्रोच्या रेघेजवळ आला होता काय. ती वही घेऊन सरावाच्या वेळी त्यांना भेटावे.