आधी ग्राइंडर, मग मशीन: घरच्या एस्प्रेसोबद्दल वाचकांचे प्रश्न

(घरगुती कॉफी मशिनं उघडून दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे उत्तरं थोडी कारागिरी थाटाची वाटली तर सांभाळून घ्या.)

प्रश्न: पहिलंच एस्प्रेसो मशीन घेतोय. एकावर 15 बार लिहिलंय, दुसऱ्यावर 20. साहजिकच 20 वाल्याकडे ओढा आहे. ग्राइंडर तूर्तास नको, तयार पूड वापरीन म्हणतो. तो पुढे कधीतरी सवडीनं घेता येईल. ठीक आहे ना?

उत्तर: क्रम उलटा करा. जेवढी रक्कम बाजूला काढली असेल तिच्यातली निम्मी ग्राइंडरसाठी ठेवा आणि उरलेल्या पैशात मशीन शोधा. साध्या मशीनवर चांगल्या ग्राइंडरनं छान कॉफी निघालेली मी नेहमी पाहते. उलट जोडीनं मात्र फक्त दुरुस्तीचे फोन येतात, आणि मशीन उघडून बघावं तर त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

आता त्या बारबद्दल. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण 9 बार दाब लागतो. डब्यावर छापलेला 15 किंवा 20 हा आकडा म्हणजे आतला छोटा व्हायब्रेशन पंप, पाणी पुढे अजिबात जात नसताना, जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो तो. पाणी वाहू लागलं की तो दाब आपोआप उतरतो. शिवाय बऱ्या मशीनमध्ये जादा दाब परत टाकीकडे सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. तेव्हा 20 बारला भुलू नका.

खरी गोष्ट अशी की मशीन नुसतं ढकलतं. अडवायचं काम पुडीचं. 18 ग्रॅम पूड घालून 25 ते 30 सेकंदांत कपात 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली, तर सुरुवात बरी झाली म्हणायची. तेवढीच कॉफी 12 सेकंदांत धो-धो आली तर पाणचट आणि आंबट लागते, आणि पाऊण मिनिट थेंब-थेंब गळत राहिली तर कडूजहर. हा वेळ आवरायचा कशानं? दळण बारीक-जाड करून, दुसऱ्या कशानं नाही. बियांची पिशवी बदलली की दळण बदलावं लागतं. तीच पिशवी आठवडाभर जुनी झाली तरी थोडं बारीक करावं लागतं. तयार पुडीत ही चावी तुमच्या हातातच नाही.

मग तयार पुडीवर चालणारी मशिनं कॉफीवरचा फेस कुठून आणतात? त्यांच्यासोबतची बास्केट, म्हणजे पूड भरायची छोटी वाटी, उलटी करून पाहा. आतल्या बाजूनं चाळणीसारखी शेकडो भोकं दिसतील आणि खालून मधोमध एकच, सुईच्या टोकाएवढं. दाब तयार होतो तो त्या एका भोकामुळे. त्यातून कॉफी जोरात फवारली जाते आणि फेसाळते. चव यथातथाच, पण पूड कशीही असली तरी कप भरतो. अशी बास्केट असलेलं मशीन वाईट असं नाही. त्यात साधी, एकेरी तळाची बास्केट बसते का, एवढं विकत घेण्याआधी नक्की विचारा. बसत असेल तर ग्राइंडर आल्यावर तेच मशीन वेगळं वागू लागेल.

प्रश्न: ग्राइंडर हाताचा घ्यावा की विजेचा? कोनिकल बर आणि फ्लॅट बर यांत नेमका फरक काय? सगळीकडे यावरच वाद दिसतो.

उत्तर: वाद घालणाऱ्यांना घालू द्या. बर म्हणजे ग्राइंडरमधले बिया दळणारे दातेरी भाग. कोनिकलमध्ये एक दातेरी शंकू दातेरी कड्यात फिरतो. फ्लॅटमध्ये जात्याच्या दगडांसारख्या दोन चकत्या समोरासमोर असतात. कोनिकलची कॉफी बहुधा जरा दाट, भरलेली लागते आणि फ्लॅटमध्ये चवी अधिक सुट्या कळतात, असा सर्वसाधारण अनुभव. पण दोन्ही प्रकारांत उत्तम आणि भिकार असे दोन्ही नमुने आहेत. बर नीट समांतर बसलेत का आणि दांडा डुगडुगतो का, हे त्याहून महत्त्वाचं.

मी दुकानात आधी बघते ती दळण बदलायची चकती. एस्प्रेसोसाठी बदल अगदी बारीक हवेत. काही ग्राइंडरांमध्ये खटके एवढे लांब-लांब असतात की एका खटक्यावर शॉट (एका वेळी उतरणारी कॉफी) 18 सेकंदांत पळतो आणि पुढच्यावर 40 सेकंद अडकतो. तुम्हाला हवी ती जागा नेमकी मधे पडते, आणि तिथे काही करता येत नाही. म्हणून बिनखटक्याची किंवा फार जवळ-जवळ खटके असलेली चकती घ्या. 'फिल्टरपासून एस्प्रेसोपर्यंत सर्व काही' अशी जाहिरात असेल तर एस्प्रेसोच्या टप्प्यात किती खटके येतात ते मोजा. सगळे मिळून तीन-चारच असतील तर पुढे चला.

रोज एक-दोन कपच करत असाल तर चांगला हात-ग्राइंडर घ्या. मोटर आणि बाहेरच्या खोक्यावर खर्च होत नसल्यामुळे त्याच पैशात बर कितीतरी सरस मिळतात. हलक्या भाजणीच्या बिया एवढ्या बारीक दळताना मनगट दुखतं, हे आधीच सांगून ठेवते. पाहुण्यांचा राबता असेल तर विजेचाच बरा.

विजेच्या ग्राइंडरवर दळण बारीक करायचं ते मोटर चालू असताना. बंद असताना चकती आवळली की मधे अडकलेले कण बरमध्ये चेंगरतात आणि चकती खोटी जागा दाखवते. आणि दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादाच थेंब शिंपडून त्या हलवून घ्या. स्थिर वीज कमी होते आणि पूड ओट्यावर उडत नाही.

प्रश्न: पात्याचा ग्राइंडर घरात आहे. एस्प्रेसोला चालेल?

उत्तर: नाही. पातं दळत नाही, तोडतं. काही धूळ, काही तुकडे. साध्या बास्केटमध्ये ती पूड ना धड अडवते, ना सोडते.

प्रश्न: घरात चौघे, आणि चौघांनाही दूध घातलेलीच कॉफी लागते. सिंगल बॉयलर, हीट एक्स्चेंजर, ड्युअल बॉयलर यांत डोकं गरगरतंय.

उत्तर: कॉफीला पाणी लागतं 90 ते 96 अंशांचं. दूध फेटायला वाफ हवी, त्यासाठी बॉयलर 120 अंशांच्या वर न्यावा लागतो. सगळा घोळ या दोन आकड्यांमधला आहे.

सिंगल बॉयलर एका वेळी एकच आकडा सांभाळतो. कॉफी काढा, बटण दाबा, थांबा, दूध फेटा, मग पाणी सोडून बॉयलर थंड करा आणि दुसऱ्याची कॉफी काढा. एका माणसाला हे चालतं. चौघांचं होईपर्यंत पहिल्याचा कप गार झालेला असतो आणि करणाऱ्याचं डोकं गरम. तुम्ही या वाटेला जाऊ नका.

हीट एक्स्चेंजरमध्ये बॉयलर कायम वाफेच्या तापमानाला असतो आणि कॉफीचं पाणी त्याच्या पोटातून जाणाऱ्या नळीतून जाता जाता तापतं. कॉफी आणि वाफ एकदमच. खोड एकच: मशीन नुसतं उभं राहिलं की नळीतलं पाणी वाजवीपेक्षा तापतं, म्हणून शॉटच्या आधी थोडं पाणी वाहू द्यावं लागतं. सवय लागली की हात आपसूक करतो. ड्युअल बॉयलरमध्ये दोघांची चूल वेगळी, तापमान अंशा-अंशानं ठरवता येतं. पैसे आणि ओट्यावरची जागा दोन्ही जास्त. हलक्या भाजणीच्या बियांचा नाद असेल तर ड्युअल घ्या. मध्यम-गडद भाजणी आणि वर दूधच ओतायचं असेल तर हीट एक्स्चेंजर तुम्हाला पुरून उरेल.

दोन्हींतल्या बऱ्याच मशिनांवर पुढे पितळेचं जाडजूड ई61 डोकं दिसेल, म्हणजे जिथून गरम पाणी पुडीवर पडतं तो भाग. मूळ फेमा ई61 हे 1961 चं. दांडा हातानं ओढण्याऐवजी विजेच्या पंपानं दाब द्यायची पद्धत त्यानंच रूढ केली. दिसतं देखणं, पण तेवढं धातू तापायला अर्धा तास हाताशी ठेवा. सकाळी उठल्या-उठल्या दाराबाहेर पडणाऱ्यांसाठी ते नव्हे.

प्रश्न: तळ नसलेला पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारी दांडीची पकड) लावला तर कॉफीच्या चिळकांड्या भिंतीवर उडतात. मशीन बदलू का?

उत्तर: भिंत पुसा, मशीन राहू द्या. पुडीत गुठळ्या किंवा पोकळ जागा राहिल्या की पाणी तिथूनच वाट काढतं. बास्केटमधली पूड दाबण्याआधी बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळा. ही युक्ती जॉन वाइस यांनी 2005 साली मांडली आणि आता सगळेच वापरतात. मग सपाट दाबा. जोर किती लावला यापेक्षा दाब तिरका पडला नाही ना, ते पाहा. इतकं करूनही उडत असेल तर संशय पुन्हा ग्राइंडरवर घ्यायचा.

प्रश्न: जुनं, वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय. काय तपासावं?

उत्तर: मी तर जुनंच घ्या म्हणेन, फक्त पाण्याचा इतिहास विचारा. मागे एक मशीन आलं होतं, बाहेरून आरशासारखं लखलखीत. बॉयलरचं झाकण उघडलं तर हीटरवर क्षाराचा पांढरट थर चढलेला, आणि त्याच्या खपल्या निघून पुढच्या बारीक नळीत अडकलेल्या. मालकानं कधीच पाणी तपासलं नव्हतं. तेव्हा विकणाऱ्याला विचारा, पाणी कुठलं वापरलं आणि क्षार कधी काढले. उत्तर देताना तो चाचरला तर त्यात दुरुस्तीचा खर्च धरून भाव करा. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका: निव्वळ डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, आणि काही मशिनांमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर त्याच्यापुढे आंधळा होतो.

मग मशीन तापवून घ्या. वाफेची नळी बंद असताना गळते का बघा. पोर्टाफिल्टरचा व्यास विचारा. 58 मिलिमीटर असेल तर बास्केट, पूड दाबायचा टॅम्पर सगळं सहज मिळतं. तो लावताना दांडी मध्यरेषेच्या पुष्कळ पलीकडे जात असेल किंवा कडेनं पाणी झिरपत असेल, तर आतलं रबरी गॅस्केट वाळून कडक झालंय. त्याला घाबरू नका. ते स्क्रूड्रायव्हरनं उपसून नवं बसवता येतं, फक्त जुनं तुकडे-तुकडे होऊन निघतं आणि शेवटचा तुकडा हमखास हट्टीपणा करतो.