नाताळ २५ डिसेंबरलाच का असतो? येशूचा जन्म खरंच त्या दिवशी झाला का?

खरं सांगायचं तर बायबलमध्ये तारीखच दिलेली नाहीये. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते एवढंच येतं, त्यावरून काही लोक म्हणतात की भर थंडीत कोण मेंढरं बाहेर ठेवेल, पण तोही अंदाजच. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोमची, इसवी सन ३३६ ची. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण साधारण याच सुमारास, १७ डिसेंबरपासून असायचा, खाणंपिणं, भेटवस्तू, मालकाने नोकराला जेवण वाढायचं वगैरे, म्हणून चर्चने तीच तारीख उचलली असं बरेच जण ठोकून देतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर ठामपणे फिरणारं सगळं खरं धरू नका!

आणि तारीखही सगळीकडे एक नाही बरं का. रशियात ७ जानेवारीला असतो कारण तिथलं चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर धरून आहे, जे सध्या आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा १३ दिवस मागे चालतं. आर्मेनियन चर्चचा ६ जानेवारीला. बॉस्टनकडे तर १६५९ मध्ये प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ख्रिसमसवर बंदीच घातलेली, साजरा करताना सापडलात की ५ शिलिंग दंड, ती उठली १६८१ ला.

ख्रिसमसच्या झाडाची पद्धत जर्मनीची, सांता मूळचा आताच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप निकोलस. जपानमध्ये त्या दिवशी केएफसीचं चिकन खातात, ती १९७४ च्या जाहिरातीची कमाल.

बाकी आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलाय, मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा.