खालची दाढ काढली आहे. ब्रिज करू, इम्प्लांट की कवळी?

चार महिन्यांपूर्वी खालची पहिली दाढ काढली, एक डॉक्टर ब्रिज सांगतात, दुसरे इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर कॅप), असं तुम्ही लिहिलंय. दोघंही बरोबर असू शकतात. आधी शेजारच्या दोन दातांची अवस्था पाहा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

ते दोन्ही धडधाकट असतील, तर ब्रिजसाठी घासून घेणं मला पटत नाही. ब्रिज म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन कॅप. त्यासाठी आधाराचे दात चावण्याच्या बाजूने 1.5 ते 2 मिमी आणि चहूबाजूंनी साधारण 1 मिमी घासतात. काहींची नस पुढे मरते आणि रूट कॅनाल मागे लागतं. पण त्या दातांत आधीच मोठं सिमेंट (फिलिंग) भरलेलं असेल, कॅप तशीही लागणारच असेल, तर खुशाल ब्रिज करा. हाडाला हात न लावता दोन-तीन आठवड्यांत काम उरकतं.

ब्रिज बिघडतो तो बहुधा एका टोकाला. तिथे कॅप चिकटवणारं सिमेंट विरघळतं, दुसरं टोक घट्ट असल्याने काही हलत नाही, आणि कॅपखाली दात गुपचूप किडत राहतो. दाबल्यावर कडेला लाळेचे बुडबुडे आले किंवा वास येऊ लागला, तर दुखायची वाट पाहू नका. साधा फ्लॉस, म्हणजे दातांमधली फट साफ करायचा दोरा, वरून आत जात नाही. ताठ टोकाचा सुपरफ्लॉस मधल्या खोट्या दाताखालून रोज फिरवावा लागतो.

इम्प्लांटआधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, हवाच. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान 2 मिमी आणि शेजारच्या मुळापासून 1.5 मिमी लांब राहायला हवं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाड झपाट्याने झिजतं, उंचीपेक्षा रुंदीत जास्त. कमी पडलं तर बोन ग्राफ्ट (हाडाची भर) आणि आणखी काही महिने. स्क्रू बसवल्यावर खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबून कॅप लावतात. या काळात तो हलला तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू भरतात आणि तो काढावाच लागतो. म्हणूनच दाढेच्या बाबतीत ‘त्याच दिवशी दात’ या आश्वासनावर मी भाळणार नाही.

पुढे कधी कॅप डुगडुगली तर बहुतेकदा इम्प्लांट नव्हे, आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो. लगेच आवळून घ्या; तसंच चावत राहिलात तर तो तुटतो. सिगारेट, आटोक्यात नसलेली साखर, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं, जबड्याला दिलेलं रेडिएशन, यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

एकाच दाढेसाठी काढ-घाल करायची छोटी कवळी नको. ती गिळली जाण्याचा किंवा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. बरेच दात गेले असतील तर धातूच्या सांगाड्याची कवळी बरी, कारण ती दातांवर टेकते. नुसती ॲक्रिलिकची हिरडीवर दाबत खाली बसत जाते.

तशीच जागा ठेवायची म्हणाल, तर वरची दाढ पोकळीत उतरू लागते आणि मागची पुढे कलंडते. मग कॅपला उंची उरत नाही. आधी वरची दाढ घासून कमी करावी लागते किंवा तारेने वर ढकलावी लागते. निर्णयाला वेळ लागणार असेल, तर निदान वरच्या दातांवर रात्री घालायचा पारदर्शक ट्रे बनवून घ्या.